दहावीनंतरचा उन्हाळा आणि अकरावीचे जीवशास्त्र

(दहावीची परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शन मेळाव्यात बोईसर येथे केलेले भाषण)



संस्थेच्या चिटणीसांनी आम्हाला विषय दिला तेव्हा आम्ही प्रथम नाही म्हणालो. आम्ही बँकेतले कारकून, शिक्षण कला शाखेचे. आम्ही जीवशास्त्रावर बोलणे म्हणजे कोरड्या विहिरीने पाण्यावर बोलणे, असे आम्हाला वाटले. परंतु विहीर कोरडी कशी पडली हे विहिरीइतके कोणाला ठाऊक असणार? म्हणून अखेर हो म्हणालो. आम्ही कला शाखेत आवडीने गेलो नाही. जीवशास्त्रात नापास होऊन गेलो. आजचे बोलणे त्या नापास होण्यातून आलेले आहे.

१९९६ साली आम्ही मराठी माध्यमातून दहावी झालो. तेव्हा पालघर हा ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. आपला स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर कामाला होते. विज्ञानात गुण चांगले पडले, म्हणून घरच्यांनी हौसेने विज्ञान शाखेत घातले. तो उन्हाळा आम्ही कैऱ्या पाडण्यात आणि क्रिकेटमध्ये घालवला. कोणी काही सांगितले नाही, आम्हीही कोणाला विचारले नाही. पावसाळ्यात कॉलेज सुरू झाले. जीवशास्त्राच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर पेशीची आकृती काढली आणि भराभर इंग्रजी नावे सांगितली. त्यातले ‘मायटोकॉन्ड्रिया’ आम्ही देवनागरीत उतरवून घेतले. घरी येऊन ते वाचले, पाठ केले, विसरलो, पुन्हा पाठ केले. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे आपली जुनी ओळखीची तंतुकणिका, जिचे कार्य लिहून आम्ही दहावीला गुण मिळवले होते, हे आम्हाला पुढे सहा महिने कळले नाही. तोपर्यंत सहामाही होऊन गेली होती. वर्षाअखेर नापासाचा शिक्का बसला आणि पुढच्या जूनमध्ये आम्ही कला शाखेत जाऊन बसलो.

मित्रहो, यात दोष सरांचा नव्हता. ऐंशी मुलांच्या वर्गात ते एकेका मुलाच्या मराठी शब्दाकडे कुठे पाहणार? दोष बुद्धीचाही नव्हता. ओळखीचा माणूस नवीन कपडे घालून दारात उभा राहिला आणि आम्ही त्याला ओळखले नाही, एवढेच झाले. ही ओळख पटवून घेण्याचे काम दहावीनंतरच्या उन्हाळ्यात होऊ शकते. तेच आज आम्हाला सांगायचे आहे.

आता हा उन्हाळा मोजून पाहा. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. निकाल, ऑनलाइन अर्ज, प्रवेशाच्या फेऱ्या होऊन अकरावीचा वर्ग खऱ्या अर्थाने भरेपर्यंत जुलै किंवा ऑगस्ट उजाडतो. म्हणजे सुमारे १२० दिवस. यातले लग्नकार्याचे, गावाला जाण्याचे, आजारपणाचे निम्मे दिवस सोडून द्या. तरी ६० दिवस हातात राहतात. रोज ५ शब्द धरले तर ३०० शब्द होतात. ३०० शब्द ओळखीचे असलेला मुलगा अकरावीच्या वर्गात पहिल्या दिवशी घाबरत नाही, हे आम्ही आमच्या वस्तीतल्या मुलांमध्ये डोळ्यांनी पाहिलेले आहे.

इथे पालकांशी दोन शब्द बोलतो. बँकेच्या खिडकीवर बसणाऱ्याला एप्रिल-मे महिन्यांत एक दृश्य नेहमी दिसते. आई रुमालात बांधलेल्या बांगड्या घेऊन येते, सोने तारण ठेवते आणि म्हणते, मुलाला क्लासला घालायचे आहे. आम्ही फॉर्म भरून देतो, कारण ते आमचे काम आहे. पण मनातून वाईट वाटते. क्लासला आमचा विरोध नाही. पुढे बारावीत गरज पडली तर अवश्य विचार करा. परंतु ज्या मुलाला ‘ऑस्मोसिस’ म्हणजे परासरण हे ठाऊक नाही, त्याला दहावी संपताच नीटच्या शिकवणीत बसवणे म्हणजे पोहता येत नसलेल्याला भरतीच्या वेळी खाडीत उतरवणे. पहिल्या उन्हाळ्याची तयारी एका वहीत आणि दोन पेन्सिलींत होते. बांगड्या हातातच राहू द्या.

आता ही वही कशी करायची ते सांगतो. २०० पानी वही घ्या. प्रत्येक पानावर चार रकाने आखा. पहिल्यात मराठी शब्द. दुसऱ्यात इंग्रजी शब्द, अचूक स्पेलिंगसह. तिसऱ्यात त्या शब्दाची फोड. चौथ्यात, ती वस्तू आपण कुठे पाहिली. शब्द शोधायला लांब जायला नको. दहावीचे विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ हे पुस्तक रद्दीत घालू नका. त्यात आनुवंशिकता व उत्क्रांती, सजीवांतील जीवनप्रक्रिया, प्राण्यांचे वर्गीकरण, सूक्ष्मजीवशास्त्र, पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान ही प्रकरणे आहेत. अनेक मराठी शब्दांपुढे कंसात इंग्रजी शब्द छापलेला आहे. परीक्षेच्या घाईत आपण तो कंस ओलांडून जातो. उन्हाळ्यात त्या कंसातच थांबायचे आहे.

तिसरा रकाना फार महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक बोलतो. जीवशास्त्रातले इंग्रजी शब्द मुळात इंग्रजी नाहीतच. बहुतेक ग्रीक आणि लॅटिन भाषांतून बनवलेले आहेत. इंग्रज मुलालाही ते परकेच असतात. ‘मायटोकॉन्ड्रिया’ हे नाव १८९८ साली कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने दिले. ग्रीक भाषेत ‘मायटोस’ म्हणजे तंतू, ‘कॉन्ड्रिऑन’ म्हणजे कण. तंतू आणि कण जोडा. तंतुकणिका! ज्या मराठी माणसांनी आपल्यासाठी हे शब्द घडवले त्यांनी मुळापर्यंत जाऊन अर्थच उचलून आणलेला आहे. ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, ‘सिंथेसिस’ म्हणजे संश्लेषण. ‘क्लोरोस’ म्हणजे हिरवा, म्हणून क्लोरोप्लास्ट ते हरितलवक. ‘लायसिस’ म्हणजे विरघळणे, लय पावणे. म्हणून लायसोसोम ती लयकारिका. ‘आर्थ्रो’ म्हणजे सांधा, ‘पोडा’ म्हणजे पाय. आर्थ्रोपोडा म्हणजे संधिपाद. ‘एकायनो’ म्हणजे काटेरी, ‘डर्मा’ म्हणजे कातडी; एकायनोडर्माटा म्हणजे कंटकचर्मी. ‘अँफी’ म्हणजे दोन्ही, ‘बायॉस’ म्हणजे जीवन. अँफिबिया म्हणजे उभयचर.

काही शब्द असे सरळ जुळत नाहीत. ‘क्रोमोसोम’ची फोड ‘रंगीत देह’ अशी होते, कारण सूक्ष्मदर्शकाखाली रंगद्रव्य घातल्यावर तो ठळक दिसतो. आपण त्याला गुणसूत्र म्हणतो, म्हणजे त्याच्या कार्यावरून नाव दिले. आपल्या डहाणूकडच्या गुजराती माध्यमाच्या मुलांना विचारा, ते त्याला रंगसूत्र म्हणतात. तिन्ही नावे वहीत लिहा. एका वस्तूच्या तीन बाजू कळतात. तसेच शब्दांची शेपटे ओळखायला शिका. शेवटी ‘ओज’ आले की ती बहुधा साखर किंवा साखरेपासून झालेला पदार्थ. ‘एझ’ आले की विकर. लॅक्टोज ही दुधातली साखर आणि लॅक्टेझ हे तिला तोडणारे विकर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकाच अक्षराचा फरक आहे आणि त्या एका अक्षरावर गुण जातात.

सांगण्याचे तात्पर्य असे की मराठी माध्यमाचा विद्यार्थी रिकाम्या हाताने विज्ञान शाखेत जात नाही. कुलूप इंग्रजी दिसत असले तरी किल्ली त्याच्या खिशात आहे. सेमी-इंग्रजीची मुले उलट अडचणीत असतात. त्यांना ‘आर्थ्रोपोडा’ पाठ असते, पण त्यात सांधा आणि पाय आहेत हे कोणी दाखवलेले नसते. म्हणून आमची सूचना अशी की एक मराठी माध्यमाचा आणि एक सेमीचा अशी जोडी करून वही भरावी. एकाने उच्चार व स्पेलिंग द्यावे, दुसऱ्याने अर्थ द्यावा.

आता चौथा रकाना, म्हणजे पाहिलेली वस्तू. या बाबतीत आपण पालघरकर भाग्यवान आहोत. मोठ्या शहरातल्या मुलाला बाटलीत बुडवलेले नमुने पाहावे लागतात. आपल्याला सातपाटीचा मासळी बाजार आहे. जूनच्या सुरुवातीला यांत्रिक नौकांची पावसाळी बंदी लागते, म्हणून एप्रिल-मेमध्येच एका सकाळी वही घेऊन जा. कोळंबी आणि चिंबोरी हातात घ्या, पायांचे सांधे मोजा. हा संधिपाद संघ. माकुल आणि तिसऱ्या पाहा. एकाला बाहेरून शिंपला नाही, दुसऱ्याला दोन शिंपले आहेत, तरी दोन्ही मृदुकाय. मग मुशी आणि पापलेट शेजारी ठेवून पाहा. मुशीचा सांगाडा कूर्चेचा, डोक्याच्या बाजूला कल्ल्यांच्या उघड्या फटी. पापलेटचा सांगाडा हाडांचा आणि कल्ल्यांवर झाकण. अकरावीत हेच दोन वर्ग मोठ्या नावांनी येतात. ज्याने ते मावशींच्या पाटीत पाहिले तो परीक्षेत त्यांची अदलाबदल करणार नाही. विकणाऱ्या मावशींना मात्र आधी नीट सांगा की आम्ही अभ्यासाला आलो आहोत. आमचा अनुभव असा की त्या रागावत नाहीत, उलट चार गोष्टी जास्त दाखवतात. याच पापलेटला, म्हणजे रुपेरी पापलेटला, २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला.

तिथेच बाजूला मासळी खारवलेली दिसेल. मीठ लावले की मासळीतले पाणी बाहेर का येते, आणि जंतू तिथे का टिकत नाहीत? परासरण, म्हणजेच ऑस्मोसिस. घरी मनुका साध्या पाण्यात आणि साखरेच्या पाकात ठेवून हाच प्रयोग करा. मुरबे-सातपाटीच्या खाडीकाठी चिखलातून वर आलेली तिवरांची मुळे पाहा. चिखलात हवा नाही, म्हणून ती श्वास घ्यायला वर येतात. ती श्वसनमुळे, इंग्रजी नाव वहीत लिहा. ताडाची नीरा पहाटे गोड असते आणि ऊन चढले की आंबते. यीस्ट नावाचा सूक्ष्मजीव साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतो, हे विनॉक्सिश्वसन. हा प्रयोग बघण्यापुरताच ठेवावा, चाखण्यापुरता नको, हे पालकांच्या समाधानासाठी सांगतो. बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाका, निळा-काळा रंग येईल. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो. लाळेतल्या अमायलेझने पिष्टाची साखर केली. पहिला पाऊस पडला की टाकळा उगवतो, शेवळे बाजारात येतात. पाने, देठ, फुलोरा यांची चित्रे काढा. मूग आणि मका भिजवून मोड आणा. द्विदल आणि एकदल यांचा फरक घरातल्या वाटीत दिसेल.

मे महिन्याच्या अखेरीस अकरावीचे पुस्तक हातात घ्या. विकत घ्यायची घाई नको. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तके विनामूल्य मिळतात, आणि वरच्या वर्गातल्या मुलांकडे जुनी असतात. २०१९ साली आलेल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात १६ प्रकरणे आहेत. पहिल्यापासून ओळीने वाचू नका. ओळखीच्या घरी आधी जावे. मानवी पोषण आणि उत्सर्जन ही प्रकरणे शेवटी आहेत. ती आधी वाचा, कारण जठर, आतडे, वृक्क हे आपण शाळेत शिकलेलो आहोत. मग पेशीरचना, मग प्राणिसृष्टी. जैवरेणू आणि प्रकाशसंश्लेषण यांना रसायनशास्त्राचा आधार लागतो, ती वर्गासाठी ठेवा. वाचताना प्रत्येक वाक्य समजलेच पाहिजे असा हट्ट धरू नका. एका पानावरचे पाच अडलेले शब्द वहीत आले, एवढे पुरे. रोज एक आकृती पेन्सिलीने काढा, छटा न देता, नावांच्या रेघा सरळ आखून. बारावीला जीवशास्त्राची लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे असते. आकृतीचा हात दोन्हीकडे उपयोगी पडतो.

पुढच्या परीक्षांचे गणितही ठेवा. नीटमध्ये ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात, आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात. प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते. राज्याच्या सीईटीत औषधनिर्माण आणि कृषीसारख्या अभ्यासक्रमांसाठी जीवशास्त्राचा पेपर १०० गुणांचा असतो. आणि डॉक्टर झाले तरच जीवशास्त्र फळले असे मानू नका. परिचारिका, औषधनिर्माता, रक्त तपासणारा तंत्रज्ञ, तारापूरच्या औषध कारखान्यांतल्या प्रयोगशाळेत काम करणारा पदवीधर, ही सर्व याच झाडाची फळे आहेत. आपले वडील ज्या कारखान्याच्या पाळीवर घाम गाळतात, त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत आपण पांढरा कोट घालून उभे राहू शकतो.

एक कागदी काम याच सुट्टीत उरका. उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीसाठी आधारशी जोडलेले बँक खाते. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज कसा करायचा ते कॉलेजात प्रवेश घेताच विचारा. बारावीच्या निकालानंतर धावपळ करणारे पालक आम्ही दर वर्षी पाहतो. खात्याच्या कामात अडचण आली तर आमच्याकडे या. तेवढे शास्त्र आम्हाला येते.

या साऱ्याचा उपयोग फक्त गुणांसाठी आहे का? आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल हा आनुवंशिक रक्ताचा आजार आढळतो. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलते, आणि ताण पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता ४ पैकी १, वाहक होण्याची ४ पैकी २, आणि पूर्ण मुक्त राहण्याची ४ पैकी १. १ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तपासणी होते, कार्ड मिळते. पण कार्डावर लिहिलेल्याचा अर्थ घरातल्या आजीला समजेल अशा शब्दांत कोण सांगणार? कोणाच्या पापाने हे झाले नाही, रक्ताची साधी तपासणी लग्नाआधी करा, हे सांगणारा मुलगा पाड्यातलाच हवा. त्याला ‘हिमोग्लोबिन’ही यावे आणि पाड्याची बोलीही यावी. दोन्ही भाषांमध्ये उभा राहणारा असा मुलगा तुमच्यातूनच निघेल.

तीन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या चाळीत एक मुलगी अशी वही करायला बसली. वडील कंत्राटी कामगार. पहिल्या आठवड्यात ती म्हणाली, “काका, मला नाही जमणार, इंग्रजीत मला जेमतेम गुण पडतात.” आम्ही तिला तंतुकणिकेची गोष्ट सांगितली. आमची स्वतःची, नापासाची. ती हसली आणि लिहू लागली. सातपाटीला जाऊन आली, मुशीचे चित्र काढून आणले. जुलैअखेर वहीत २८४ शब्द झाले. ते ३०० का झाले नाहीत म्हणून ती खट्टू झाली होती! अकरावीच्या सहामाहीत तिला जीवशास्त्रात पहिला वर्ग नाही मिळाला; पण ती पास झाली, आणि टिकली. आज ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिची वही तिने संस्थेला दिली आहे. ती आज टेबलावर ठेवली आहे, प्रत्येकाने चाळून पाहावी.

शेवटी सभासदांना एक विनंती. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले ते कला आणि विज्ञान अशा दोन्ही शाखांचे. आपल्या मुलांनी प्रयोगशाळेतही उभे राहावे ही दृष्टी त्यात होती. आपल्या सभागृहाची बाजूची खोली दुपारी ११ ते ४ रिकामी असते. तिथे पंखा आहे. एक टेबल, अकरावी-बारावीची जुनी पुस्तके, एक इंग्रजी-मराठी शब्दकोश आणि जमल्यास एक साधा सूक्ष्मदर्शक एवढे ठेवले, तर पत्र्याच्या घरात उन्हाने भाजणारी दहा मुले तिथे बसून वाचतील. विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आपल्याच मुलांनी आठवड्यातून एक दुपार द्यावी. आम्ही दर रविवारी येऊ. शिकवायला नव्हे, कारण ते आम्हाला येत नाही. कुलूप उघडायला, हजेरी घ्यायला आणि वहीतले शब्द मोजायला येऊ.

आमचा उन्हाळा गेला तो गेला. तुमचा अजून सुरू व्हायचा आहे. आज घरी गेल्यावर वहीच्या पहिल्या ओळीत ‘तंतुकणिका’ लिहा. समोर तिचे दुसरे नाव लिहा. एवढे केलेत तर आम्ही १९९६ साली जिथे अडखळलो, ती पायरी तुम्ही आजच चढलात असे आम्ही समजू.